दामाजीचे कोठार आणि गृहलक्ष्मीचे खाते

दामाजीपंतांची कथा ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. मंगळवेढ्याच्या या अंमलदाराने दुष्काळात बादशाही कोठारे उघडली आणि भुकेल्या रयतेला धान्य वाटून टाकले. बेदरच्या दरबारातून जाब विचारला गेला, तेव्हा प्रत्यक्ष विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेतले आणि बेदरला जाऊन त्या धान्याचे मोल मोजून दिले, असे परंपरा सांगते. भक्तीच्या दृष्टीने ही कथा आपण अनेकदा ऐकली आहे. आज तिच्याकडे थोडे व्यवहाराच्या दृष्टीने पाहावे, असे मला वाटते. मंगळवेढ्याच्या माणसांना हवे होते धान्य. बेदरच्या दरबाराला हवी होती रोकड. ही देवघेव उलटी झाली असती तर? भुकेल्यांच्या हातावर कोणी मोहरा ठेवल्या असत्या आणि पेठेत दाणा नसता, तर त्या मोहरांनी कोणाचे पोट भरले नसते.

ते बेदर म्हणजेच आजचे बीदर. या बीदर जिल्ह्यात आणि शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात आज सरकारी मदतीचा मोठा भाग रोख रकमेच्या रूपाने लोकांच्या घरी पोहोचतो. अडचणीत सापडलेल्या माणसाला धान्य द्यावे, काम द्यावे की सरळ पैसे द्यावेत, हा प्रश्न दामाजीपंतांइतकाच जुना आहे. मात्र त्याचे उत्तर सर्व काळी एकच नसते. रोख मदत कोणत्या परिस्थितीत उपयोगी पडते आणि कोणत्या परिस्थितीत ती वाया जाते, याचा विचार करण्यास हा सीमाभाग फार सोयीचा आहे.

तो का, हे प्रथम सांगतो. हैदराबाद संस्थानातील जुना बीदर जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत तीन ठिकाणी विभागला गेला. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात आले. जहिराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले. नकाशावर रेषा पडल्या, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. औरादची लेक आजही देगलूरला दिली जाते आणि उदगीरची लेक भालकीला येते. भाकरी ज्वारीचीच, वरण तुरीचेच आणि चिंता पावसाचीच. बदलला तो खजिना. एका जुन्या जिल्ह्यातील माणसे आज तीन राज्यांच्या तिजोऱ्यांकडे पाहतात आणि प्रत्येक तिजोरीची रीत निराळी आहे.

कर्नाटक सरकारने ३० ऑगस्ट २०२३ रोजी 'गृहलक्ष्मी' योजनेला आरंभ केला. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून जिचे नाव आहे, त्या स्त्रीच्या बँकखात्यात दरमहा २,००० रुपये जमा करावयाचे, अशी ही योजना. ती स्वतः वा तिचा पती प्राप्तिकर किंवा जीएसटी भरणारा असेल, तर तिला लाभ नाही. महाराष्ट्राने २०२४ साली 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आणली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये द्यावयाचे, असे त्यात ठरले. तेलंगणाने २०१८ साली 'रयतु बंधु' सुरू केली. तिचे माप माणूस नसून जमीन होते. प्रत्येक हंगामाला एकरी ४,००० रुपये खातेदार शेतकऱ्याला देण्यात आले. म्हणजे पहिल्या राज्याने घर मोजले, दुसऱ्याने बाई मोजली आणि तिसऱ्याने एकर मोजले. तिन्ही मदती रोखच. पण कोण आत येतो आणि कोण बाहेर राहतो, हे या मोजमापावर ठरते. एकराच्या मापात भूमिहीन मजुराला जागा नाही, हे सांगावयास नकोच.

रोख मदतीची परीक्षा करावयाची झाली, तर तीन प्रश्न विचारावेत. बाजारात माल आहे काय? पैसा कोणाच्या हाती जातो? आणि तो केव्हा येतो?

पहिला प्रश्न बाजाराचा. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? गावात धान्यच नसेल तर पैसा निरुपयोगी ठरतो. परंतु दुष्काळाचा अर्थ नेहमी धान्याचा अभाव असाच होतो काय? अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चिकित्सा केली आणि दाखवून दिले की, त्या वर्षी बंगालात धान्याचा साठा माणसे मरावीत इतका घटलेला नव्हता. भाव भडकले, मजुरी मागे राहिली आणि ज्यांचे पोट हातावर होते त्यांची खरेदी करण्याची शक्तीच संपली. कोठार भरलेले आणि खिसा रिकामा, असाही दुष्काळ असू शकतो.

आपल्या जवळचे उदाहरण १९७२ चे. त्या दुष्काळात महाराष्ट्र सरकारने रस्ते, नालाबांध, पाझर तलाव अशी कामे काढली. मे १९७३ च्या सुमारास या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती आणि त्यांची मजुरी मुख्यतः रोख दिली जात होती. ज्यां द्रेझ यांनी या दुष्काळाचा जो अभ्यास केला, त्यात एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. मजुरांच्या हाती पैसा आहे असे दिसताच, सरकारी निर्बंध असतानाही, व्यापाऱ्यांकरवी धान्य दुष्काळी जिल्ह्यांकडे वाहू लागले. पैसा पुढे गेला आणि धान्य त्याच्या मागोमाग आले. त्या अनुभवातूनच महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला.

बीदर-कलबुर्गीकरांनी मात्र हा प्रश्न पुस्तकात वाचला नाही. तो स्वतःच्या चुलीवर अनुभवला. २०२३ साली कर्नाटक सरकारने 'अन्नभाग्य' योजनेखाली माणशी पाच किलो जादा तांदूळ देण्याचे ठरविले. परंतु केंद्राने भारतीय अन्न महामंडळाच्या खुल्या विक्रीतून राज्यांना तांदूळ देणे थांबविले. तेव्हा जुलै २०२३ पासून तांदळाऐवजी किलोला ३४ रुपये या हिशेबाने माणशी १७० रुपये खात्यात जमा होऊ लागले. पुढे तांदूळ मिळू लागल्यावर फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा तांदूळ देण्यास सुरुवात झाली. एकाच घराने दीड वर्ष पैसे घेतले आणि मग पुन्हा धान्य घेतले.

यांत बरे कोणते? पैशाच्या बाजूने बोलायचे तर हा ज्वारीचा मुलूख आहे. तांदूळ येथे रोजच्या ताटातला मुख्य पदार्थ नव्हे. १७० रुपयांत घरधनीण ज्वारी घेईल, तेल घेईल किंवा पोराला वही घेईल. तिच्या घराची गरज तिच्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार? उलट धान्याच्या बाजूने बोलायचे तर महागाईचा भार धान्य घेणाऱ्यावर पडत नाही. तांदळाचा भाव वाढला तरी पाच किलो म्हणजे पाच किलोच राहतात. ३४ रुपयांचे मात्र तसे नाही. बाजारातील भाव वर गेला की त्याच पैशात माल कमी येतो. केंद्राच्या वृद्ध निवृत्तिवेतनाचे उदाहरण घ्या. १९९५ साली ७५ रुपयांनी सुरू झालेला हा वाटा पुढे २०० रुपये झाला आणि ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी त्यानंतर पंधराहून अधिक वर्षे तेवढाच राहिला. आकडा जागच्या जागी राहिला आणि त्यातील दाणे मात्र गळत गेले. म्हणून रोख मदत द्यावयाची असेल, तर ती भावमानाशी बांधलेली असावी. नाहीतर ती दरसाल मुकाट्याने कमी होत जाते.

दुसरा प्रश्न हाताचा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातील वयाने सर्वांत मोठी, अठरा वर्षांवरील स्त्री कुटुंबप्रमुख ठरविली. गृहलक्ष्मीने हीच वाट धरली. त्यामुळे पैसा पुरुषाच्या हाती न जाता स्त्रीच्या खात्यात जाऊ लागला, हा मोठाच लाभ होय. पण घरोघरी मातीच्या चुली! सासू प्रमुख असेल तर सुनेला काय? महाराष्ट्राच्या योजनेत पात्र असल्यास सासू-सून दोघींचीही नावे बसू शकतात. कर्नाटकात एका घरातील एकीचेच नाव बसते. सीमेवरच्या मंडळींत दोन बहिणी भेटल्या की हा हिशेब निघतोच. एक म्हणते, तुझे दोन हजार, माझे दीड हजार. दुसरी म्हणते, ते दोन हजार सासूबाईंचे, माझे नव्हेत.

यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळीच आहे. सीमेपलीकडे दिलेल्या लेकीचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी व्हावे लागते आणि सासरच्या पत्रिकेत चढावे लागते. महाराष्ट्राच्या योजनेत परराज्यात जन्मलेल्या आणि महाराष्ट्रातील रहिवाशाशी विवाह केलेल्या स्त्रीसाठी पतीची कागदपत्रे ग्राह्य धरण्याची तरतूद करण्यात आली, हे योग्यच झाले. पण जी टाकली गेली आहे आणि माहेरी परत आली आहे, तिने पतीची कागदपत्रे कोठून आणावीत? सासरच्या पत्रिकेत तिचे नाव असले तरी प्रमुख सासू. माहेरच्या पत्रिकेत नाव चढले तरी प्रमुख आई. जिला सर्वांत अधिक गरज, तीच दोन राज्यांच्या कागदांमध्ये अडकून पडते. मुंबई-पुण्याच्या बांधकामावर किंवा उसाच्या फडावर सहा महिने जाणाऱ्या कुटुंबाचीही तीच गत. छाननीचा दिवस येतो तेव्हा ते गावात नसते.

हातापर्यंत पैसा कसा पोहोचतो, तेही समजून घेतले पाहिजे. सरकार खात्याचा क्रमांक पाहून पैसे पाठविते अशी पुष्कळांची समजूत असते. आधारच्या द्वारे होणारा भरणा मात्र ज्या खात्याला आधार क्रमांक सर्वांत शेवटी जोडला गेला, त्या खात्यात जातो. बाई जुन्या बँकेत खेटे घालते आणि पैसे दुसऱ्याच, कधीतरी कोणाच्या सांगण्यावरून उघडलेल्या खात्यात पडून असतात. खुरप्याने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र ओळखत नाही. अर्ज कन्नडात, बाई मराठी बोलणारी, कदाचित निरक्षरही. मग भरून देणाऱ्याला काही द्यावे लागते. या गोष्टी किरकोळ वाटतात, पण मदत अडते ती अशाच ठिकाणी.

तिसरा प्रश्न वेळेचा. माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे.

कलबुर्गीला तुरीचे कोठार म्हणतात. तूर मृगाच्या आगेमागे पेरली जाते आणि संक्रांतीच्या सुमारास घरी येते. बियाणे, खत, मुलांच्या शाळा आणि पावसाळ्यातील आजार हे सारे खर्च आषाढ-श्रावणात येतात आणि मिळकत येते पौषात. गरिबी केवळ उत्पन्न कमी असण्यात नसते. खर्चाचा दिवस आणि मिळकतीचा दिवस यांतील अंतरातही ती असते. सावकार याच अंतरावर जगतो.

थोडा हिशेब करून पाहू. समजा, औराद तालुक्यातील एखाद्या मजूर बाईने मृगाला दहा हजार रुपये दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाने काढले आणि सात महिन्यांनी संक्रांतीला फेडले. व्याज झाले २,१०० रुपये. म्हणजे गृहलक्ष्मीच्या एका हप्त्याहून अधिक रक्कम केवळ व्याजात गेली. आता समजा, दर महिन्याला ठरल्या दिवशी दोन हजार येतात अशी तिची खात्री आहे. मग ती दहा हजार काढणार नाही; कदाचित चारच हजार काढील. येथे पैशाने केलेले काम दोन हजारांहून मोठे आहे, कारण त्याने कर्जाची गरजच कमी केली. परंतु तेच हप्ते तीन महिने तुंबले आणि जून, जुलै, ऑगस्टचे सहा हजार सप्टेंबरअखेर एकदम जमा झाले, तर? सरकारी वहीत सहा हजार पूर्ण दिसतील. तिने मात्र दर महिन्याच्या आरंभी दोन-दोन हजार उसने घेतलेले असतील आणि त्यावर २४०, १८० व १२० मिळून ५४० रुपये व्याज दिलेले असेल. व्याजाहूनही वाईट म्हणजे अशा वेळी उचल घेताना ती पुढच्या मोसमाची मजुरी कमी दराने बांधून देते. बैल गेला आणि झोपा केला, अशी ती मदत होते.

गृहलक्ष्मीचे हप्ते वेळोवेळी दोन-तीन महिने तुंबले, ही गोष्ट जाहीर आहे. अशा वेळी चर्चा होते ती रक्कम वाढवावी की योजना बंद करावी याची. तारीख ठरवून द्यावी, असे सहसा कोणी म्हणत नाही. मासिक वेतन घेणाऱ्या आपल्यासारख्यांना पहिल्या तारखेची किंमत चांगली ठाऊक असते. पगार वाढला नाही तर आपण कुरकुरतो. पण तो कोणत्या महिन्यात येईल हेच ठाऊक नसेल, तर आपल्याला घरभाडे, दूध, किराणा यांपैकी कशाचीच घडी बसविता येणार नाही. मग हातावर पोट असलेल्यांनी ती कशी बसवावी?

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की, पैसा दारूत जाईल. हा संशय जगभर घेतला गेला आहे आणि तपासलाही गेला आहे. जागतिक बँकेच्या दोन संशोधकांनी, डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी, निरनिराळ्या देशांतील अशा १९ अभ्यासांचा आढावा घेतला. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरील खर्च वाढतो, असे त्यांना सर्वसाधारणपणे आढळले नाही. आपल्याकडे २०११-१२ मध्ये 'सेवा' या स्त्रियांच्या संघटनेने मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या आठ गावांतील सुमारे ६,००० माणसांना कोणतीही अट न घालता दरमहा रक्कम दिली. ती प्रथम प्रौढाला २०० व मुलाला १०० रुपये होती. पुढे ३०० व १५० रुपये झाली. तेथेही दारूचा खप वाढल्याचे दिसले नाही. उलट पुष्कळांनी शेळ्या, बियाणे, अवजारे घेतली आणि मजुरीऐवजी स्वतःच्या शेतात अधिक काम केले.

दुसरा आक्षेप आळसाचा. फुकट मिळाले की माणूस काम सोडतो, हे मत फार जुने आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर इंग्रजी अमलात दुष्काळसंहिता तयार झाल्या. त्यांत धडधाकट माणसाने खडी फोडावी आणि अपंग, वृद्ध यांनाच फुकट मदत मिळावी, असा दंडक घातला गेला. गरजेची कसोटी म्हणून काम हे ठीक होते. परंतु महिना दोन हजार रुपयांत कुटुंब बसून खाऊ शकते काय? आपल्या घरचा किराणा आठवला तरी उत्तर मिळेल.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. तो खजिन्याचा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात कर्नाटकाने एकट्या गृहलक्ष्मीसाठी २८,६०८ कोटी आणि महाराष्ट्राने लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटी रुपये ठेवले. एवढ्या पैशात किती दवाखाने, किती तलाव झाले असते, असे विचारणाऱ्याला गरिबांचा शत्रू म्हणू नये. दोन हजारांनी सुईणीची जागा भरून निघत नाही. विहिरीला पाणी लागत नाही. तुरीचा पडलेला भाव वर चढत नाही. घरात मोठे आजारपण आले तर वर्षाचे चोवीस हजार एका आठवड्यात संपतात. रोकड ही दवाखाना, शाळा आणि शिधादुकान यांच्या जोडीला हवी. त्यांच्या जागी नव्हे. आणि जी द्यावयाची ती झेपेल एवढीच ठरवून, पण न चुकता द्यावी. मोठा आकडा जाहीर करून तो तुंबविण्यापेक्षा लहान आकडा वेळेवर दिलेला बरा.

श्रोतेहो, याच बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे बाराव्या शतकातील बसवेश्वरांचे कल्याण. कायक म्हणजे कष्ट आणि दासोह म्हणजे मिळविलेले वाटून खाणे, ही शिकवण तेथली. त्या काळच्या शरणांपैकी आय्दक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून निर्वाह करीत असे. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा त्याच्या पत्नीने, लक्कम्माने, आपल्या गरजेपुरते ठेवून उरलेले परत टाकून येण्यास त्याला सांगितले, अशी आख्यायिका आहे. हिच्या घरात दारिद्र्य होते, पण आपल्याला किती पुरे, हे तिला दुसऱ्या कोणी शिकवावे लागले नाही.

रोख मदतीच्या मुळाशी हाच विश्वास आहे. घेणाऱ्या बाईला आपल्या घराचा हिशेब कळतो, हे आपण मान्य केले तर तिच्या खर्चावर पहारा ठेवण्याची आवश्यकता उरत नाही. पहारा ठेवावयाचा तो देणाऱ्याच्या वेळेवर. हप्त्याची तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेली असावी, सीमाभागात अर्ज कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत मिळावा, नाव वगळले तर कारण लेखी द्यावे आणि परतून आलेल्या लेकीला स्वतःच्या नावाने अर्ज करता यावा. यातील एकाही गोष्टीला हजारो कोटी लागत नाहीत. हे झाले, तर मृगाच्या दिवशी सावकाराच्या ओट्याकडे वळलेली काही पावले तरी घराकडे परततील.